ट्रेकला चोवीस दिवस उरलेत आणि बुटाचा सोल सुटलाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षं वापरलेल्या हलक्या, घोट्यापर्यंतच्या ट्रेकिंग बुटांचा तळ चवड्याखाली गुळगुळीत झालाय आणि उजव्या बुटाचा सोल पुढून बोटभर सुटलाय. चोवीस दिवसांनी आठ दिवसांचा डोंगरातला ट्रेक आहे, पाठीवर नऊ-दहा किलो असेल. तेच मॉडेल डोळे मिटून परत मागवावं का, या वेळी एक नंबर मोठा घ्यावा का, वॉटरप्रूफ घ्यावा का, की सोल चिकटवून भागवावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर "नाही" असेल तरच बाकीच्यांना अर्थ आहे.

सोल नेमका कुठून सुटलाय ते बघा. खालचं काळं रबर आणि त्यावरचा फोमचा थर, म्हणजे मिडसोल, यांच्यामधला डिंक सुटला असेल आणि फोम घट्ट असेल, तर चांगला दुरुस्ती करणारा ते दाबून नीट चिकटवून देतो. मग तो बूट जवळपासच्या भटकंतीला आणखी वर्षभर चालतो. पण फटीत अंगठ्याचं नख घालून फोम जरा खरवडून पाहा. भुगा पडला किंवा शिळ्या केकसारखा तुकडा निघाला, तर विषय संपला. तो पॉलियुरेथेनचा मिडसोल आहे आणि हवेतल्या दमटपणाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत आल्यात. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट वापरले नाहीत तरी ते थांबत नाही, आणि कोंदट कपाटात बंद ठेवले तर जास्तच होतं. भुग्यावर डिंक लावून काय चिकटणार?

आमच्या एका सोबत्याने माळ्यावर जपून ठेवलेला जोड ट्रेकसाठी काढला होता. सात वर्षांपूर्वी घेतलेला, जेमतेम चार वेळा वापरलेला, दिसायला कोरा करकरीत. दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोठ्या उताराला डावा सोल जिभेसारखा लोंबायला लागला, दुपारी उजवा. तंबूची दोरी आणि चिकटपट्टी गुंडाळली, पण खडकावर घासून दोरी तासाभरात तुटली. उरलेले दिवस तो मुक्कामाला घालायच्या सँडलवर चालला. तेव्हापासून निघण्याआधी सगळ्यांच्या बुटांचे मिडसोल मी अंगठ्याने दाबून बघतो. लोक हसतात, हसू देत.

हलक्या बुटांत बहुतेक वेळा पॉलियुरेथेन नसतं, ईव्हीए नावाचा फोम असतो. त्याचा भुगा होत नाही, तो बसतो. मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या दिसतात, दाबला तर लाकडासारखा लागतो, आणि खडबडीत वाटेवर प्रत्येक खडा तळव्याला कळतो. पाच वर्षं नियमित वापरलेल्या जोडाचं हेच झालं असणार. शिवाय तळही गुळगुळीत. तेव्हा आठ दिवसांसाठी चिकटवाचिकटवी करू नका, नवा जोड घ्या. नवा तळ बसवून घ्यायचा विचार असेल, तर तो मुख्यतः जाड चामड्याच्या, शिवलेल्या बुटांना परवडतो. हलके बूट जवळपास सगळेच चिकटवलेले असतात.

पण जुना जोड लगेच फेकू नका. नव्या बुटाबद्दल जे कुठलाही विक्रेता सांगू शकणार नाही ते त्यात लिहिलेलं आहे.

इनसोल, म्हणजे बुटाच्या आतली सुटी गादी, बाहेर काढा आणि उजेडात धरा. तुमच्या पावलाचा ठसा त्यावर काळसर उमटलेला असेल. अंगठ्याचा, किंवा तुमचं दुसरं बोट लांब असेल तर त्याचा, खड्डा इनसोलच्या पुढच्या कडेपासून किती आत आहे ते मोजा. खड्डा कडेला टेकलेला असेल तर पाच वर्षं तुम्ही आखूड बूट घालत होता, आणि उतारावर बोटं दुखायची ती त्यामुळेच. करंगळीचा ठसा इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर बूट अरुंद होता. मग बुटाच्या आत हात घाला. टाचेच्या मागचं अस्तर फाटलं असेल तर टाच तिथे वर-खाली होत होती. आता लेस आवळून समोरून बघा. लेसच्या भोकांच्या दोन्ही रांगा एकमेकींना टेकल्या असतील तर बूट तुमच्या पावलाला भोगळ होता, आणखी आवळायला जागाच नव्हती. त्या खूप फाकलेल्या असतील तर पाऊल उंच आहे आणि बूट चपटा. सगळ्यात शेवटी जोड टेबलावर ठेवून मागून बघा. वरचा भाग आतल्या बाजूला कलला असेल तर या वेळी मधे जरा कडक बूट हवा.

एक सावधगिरी. सोल टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर जास्त झिजला म्हणून "माझं पाऊल बाहेर पडतं" असा निष्कर्ष काढू नका. चालताना जवळपास सगळ्यांची टाच तिथेच आधी टेकते.

एवढं पाहिल्यावर "तेच मॉडेल घ्यावं का" याचं निम्मं उत्तर मिळतं. या खुणांपैकी एकही नसेल तर हो, तिथूनच शोध सुरू करा. पण डोळे मिटून मागवू नका. बूट ज्या साच्यावर बेततात त्याला लास्ट म्हणतात, आणि नाव तेच ठेवून कंपन्या लास्ट बदलतात. मी स्वतः फसलोय. एकाच नावाचे दोन जोड सलग झिजवले, तिसरा न घालता मागवला. नावापुढे फक्त एक आकडा वाढला होता. वजन कमी केलं होतं, रंग छान होता, आणि पुढचा भाग नखभर निमुळता केला होता. घरी, अंगणात, एका छोट्या टेकडीवर काहीच जाणवलं नाही. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी हजारभर मीटरच्या उतारानंतर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी, आणि दीड-दोन महिन्यांनी ती गळून पडली. चूक माझीच. जोड हातात आल्यावर जुना इनसोल नव्या इनसोलवर ठेवून बघायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही ती दोन मिनिटं द्या.

उलट, जुनीच आवृत्ती कुठे शिल्लक मिळाली तर जिभेच्या आतलं लेबल वाचा. बऱ्याच बुटांवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेला बूट कोरा असला तरी नवा नसतो.

आता नंबर. "एक नंबर मोठा" म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जवळपास साडेआठ मिलिमीटर. युरोपियन मापात सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, पावणेसात मिलिमीटरला जरा कमी. दोन मापांच्या पायऱ्याच वेगळ्या असल्यामुळे तक्ते कधीच नीट जुळत नाहीत, प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने आकडा वर-खाली ढकलते. म्हणून आकडा विसरा आणि पाऊल मोजा. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगलेले असताना, ट्रेकचे मोजे घालून कागदावर उभे राहा, टाच भिंतीला टेकवा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. बसून मोजू नका, भार पडल्यावर पाऊल लांबतं. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं असेल ते धरा. पाच वर्षांपूर्वीच्या मापावर विसंबू नका, वय आणि वजन वाढलं की पाऊल पसरतं. गरोदरपणानंतरही ते कायमचं किंचित लांब होऊ शकतं.

बुटाचा इनसोल काढून त्यावर उभं राहिल्यावर बोटांपुढे एक ते सव्वा सेंटिमीटर रिकामं दिसायला हवं. इनसोल निघत नसेल तर लेस सैल सोडून पाय पुढे सरकवा, टाचेमागे तर्जनी सरळ आत गेली पाहिजे. जातच नसेल तर आखूड. दोन बोटं आरामात जात असतील तर मोठा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा, नंबर वाढवणं हा रुंदीवरचा इलाज नाही. करंगळी दाबते म्हणून लोक लांब बूट घेतात. मग टाच भोगळ होते, आणि बूट जिथे वाकतो ती रेघ तुमच्या बोटांच्या सांध्याच्या पुढे जाते. पाऊल एका जागी वाकतं, बूट दुसऱ्या जागी, आणि मधल्या कातडीचे फोड होतात. पाऊल रुंद असेल तर रुंद लास्टचा बूट मागा. अनेक मॉडेल दोन रुंदींत येतात, तसं नसेल तर दुसरं मॉडेल बघा.

दुकानात घाई करू नका. स्वतःचे मोजे न्या, वेगळा इनसोल वापरत असाल तर तोही न्या, कारण जाड इनसोलने बुटातली जागा लगेच कमी होते. सॅकमध्ये आठ-दहा किलो भरून नेलीत तर उत्तम. लोक बघतील, पण भाराखाली पाऊल पसरतं ते असंच कळतं. दोन्ही बूट घाला, लेस ट्रेकला बांधाल तशी बांधा आणि किमान वीस मिनिटं फिरा. जिना किंवा उतरती फळी असेल तर मुद्दाम खाली तोंड करून उतरा आणि प्रत्येक पाऊल जरा आपटून टाका. मग पुढचं टोक जमिनीवर तीन-चार वेळा ठोका. बोटं पुढे लागली तर तो जोड परत द्या, "वापरून सैल होईल" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. बूट रुंदीत थोडा सैलावतो, लांबीत नाही. चढताना टाच अगदी किंचित उचलली गेली तर चालेल, पण मोजा घासला जातोय असं वाटलं तर तिथे फोड ठरलेला.

मग बूट हातात घ्या. एका हाताने टाच, दुसऱ्याने टोक धरा आणि ओला पंचा पिळतात तसा पिळा. सहज पिळला गेला तर तो सपाट पायवाटेचा बूट आहे. दहा किलो घेऊन घसाऱ्यावर आणि दगडधोंड्यांत आठ दिवस चालायचं तर त्याने हाताला विरोध करायला हवा. टोक दाबून वाकवलं की तो बोटांच्या सांध्याशी वाकावा. मधोमध घडी पडत असेल तर संध्याकाळी तळवे ठणकतील. बुटाच्या उंचीपेक्षा मला ही परीक्षा महत्त्वाची वाटते.

उंचीबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. हलक्या बुटांची घोट्याभोवतीची कड कापडाची आणि फोमची असते. ती पाय मुरगळण्यापासून वाचवते यावर मी फार भिस्त ठेवत नाही. तळ रुंद आणि पिळाला घट्ट असेल, टाच आत नीट बसत असेल, तर पाय कमी वळतो. उंच कडेचा खरा फायदा वेगळा: खडे आत जात नाहीत आणि घोट्याचं हाड दगडावर आपटत नाही. तुम्हाला घोट्यापर्यंतच्या बुटांची सवय आहे ना, मग तसेच घ्या. चोवीस दिवसांत सवय बदलायला जाऊ नका.

वजनाचा मुद्दा मात्र खरा आहे. १९६९ साली सूल आणि गोल्डमन या संशोधकांनी डोक्यावर, हातात आणि पायांवर ओझं देऊन चालणाऱ्यांची ऊर्जा मोजली होती. पायांवरचं वजन त्यात नुसत्या शरीराच्या वजनापेक्षा किलोमागे चार ते सहा पट महाग पडलं. म्हणजे जोडीत ४०० ग्रॅम वाचले तर पाठीवरून ढोबळमानाने दोन किलो उतरवल्यासारखं. दिवसाला वीस-पंचवीस हजार वेळा पाय उचलायचाय. फक्त वजन वाचताना ते एका बुटाचं आहे की जोडीचं, आणि कुठल्या नंबरचं, ते बघा. ८०० ते १,१०० ग्रॅमची जोडी तुमच्या कामाला योग्य. त्याहून बरीच हलकी दिसली की मिडसोल किंवा टोकावरचं रबरी कवच कुठेतरी छाटलेलं असतं.

वॉटरप्रूफचं काय? गोअर-टेक्स किंवा तत्सम बूट म्हणजे आत शिवलेला पडद्याचा मोजा. या पडद्याची भोकं पाण्याच्या थेंबाला लहान आणि वाफेला मोठी असतात. तोपर्यंत ठीक. पण बाहेरचं कापड भिजून जड झालं की वाफ बाहेर पडणं मंदावतं आणि पाय स्वतःच्या घामाने ओले होतात. आणि पाणी एकदा वरच्या कडेतून आत शिरलं की तो पडदा त्याला तितक्याच इमानाने आत कोंडून ठेवतो. असा बूट रात्रभरात वाळत नाही. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: बर्फ, थंड चिखल, पहाटेचं दव भरलेलं गवत असेल तर पडद्याचा बूट, कारण तिथे ओला पाय म्हणजे गारठलेला पाय. उकाड्यातला पाऊस असेल किंवा घोट्यावर पाणी असलेले ओढे दिवसातून चारदा ओलांडायचे असतील, तर साधा जाळीचा बूट, जो चालता चालता वाळतो, आणि मोज्यांचे तीन जोड. कुठलाही बूट शेकोटीजवळ वाळवू नका. डिंक सुटतो, चामडं तडकतं. इनसोल काढा, आत कागद कोंबा, ओला झाला की बदला.

सोलबद्दल थोडं विषयांतर. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता राझिका शिखरावर सहा गिर्यारोहक दगावले. वादळात अडकलेल्या त्या मंडळींची पादत्राणं अशा हवेच्या कामाची नव्हती. त्यांच्यासोबत गेलेल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर रबरी खाचांचा तळ घडवला, तो १९३७ मध्ये आला. व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नाव-आडनावातून आलंय. आज तो पिवळा शिक्का इतका सर्रास दिसतो की लोक तेवढं बघून बूट घेतात. पण त्याच शिक्क्याखाली बरीच वेगवेगळी रबरं येतात. मऊ रबर ओल्या खडकाला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्या दगडावर घसरतं. तुम्ही खाचा बघा: चार-पाच मिलिमीटर खोल, चिखल झडून जाईल इतक्या दूर दूर, आणि टाचेच्या पुढे एक स्पष्ट पायरी. उतारावर ब्रेक लागतो तो तिथे.

आता चोवीस दिवसांचं गणित. पहिल्या चार-पाच दिवसांत खरेदी उरका. दोन दिवस फक्त घरात, स्वच्छ फरशीवर घाला, म्हणजे चावलाच तर परत देता येईल. तिसऱ्या दिवसापासून रोज तासभर बाहेर. दुसऱ्या आठवड्यात पाठीवर पाच किलो, तिसऱ्यात पूर्ण वजन आणि दोन मोठ्या चाली. त्यांपैकी एकीत किमान ५०० मीटरचा सलग उतार हवाच, माझी नखं सपाटीवर गेली नव्हती. हलक्या बुटाला चामड्यासारखं महिनोन्महिने मुरवावं लागत नाही, ५० किलोमीटर पुरतात. हे किलोमीटर बुटापेक्षा तुमच्या कातडीसाठी आहेत. शेवटचे तीन दिवस पायांना विश्रांती.

चालीत एखाद्या जागी ऊब जाणवली की लगेच थांबा, बूट काढा, पट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे फक्त समाधान. पावलाच्या वरच्या हाडावर दाब येत असेल तर त्या जागेवरची लेसची फुली टाळा, दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात न्या. टाच उचलत असेल तर घोट्याच्या वळणावर लेसला दोन पीळ जादा द्या, म्हणजे खालचा ताण सुटत नाही, आणि वरच्या आकड्यांना लेस वरून खाली ओवा. उतार लागण्याआधी दोन मिनिटं बसून लेस पुन्हा आवळायची सवय लावून घ्या.

दुसऱ्या मोठ्या चालीतही तीच जागा दुखली तर? तर नवा बूट घरी ठेवा. सहा महिने वापरात असलेले, चांगल्या खाचांचे डोंगरवाटेवर धावायचे बूट असतील तर तेच घालून जा. ओझं दोन किलोने कमी करा आणि दोन काठ्या घ्या. अंगवळणी पडलेला मऊ बूट मला न रुळलेल्या चांगल्या बुटापेक्षा केव्हाही चालेल. वाट बर्फाची असेल तर मात्र हा पर्याय नाही.

आणि जुना जोड टाकण्याआधी त्याच्या लेस काढून धुऊन ठेवा. नव्याला लांबीला पुरतायत का ते ओवून बघा, पुरल्या तर सॅकच्या वरच्या कप्प्यात टाका.